लेस घट्ट, टाच तरी सैल: हॉकी स्केट्समध्ये पाय का दुखतो आणि काय करायचं

बर्फावर उतरून दहा मिनिटं होतात न होतात तोच पावलाची वरची बाजू जळायला लागते, नाहीतर तळव्यात गोळा येतो. बेंचवर येऊन लेस सैल केली की बरं वाटतं, पण मग घोटा लटपटतो. म्हणून पुन्हा आवळायची, की पुन्हा तेच. कॅनडात ओंटारिओतल्या कुठल्याही रिंकच्या (बर्फाच्या मैदानाच्या) ड्रेसिंग रूममध्ये हिवाळाभर हे चालू असतं. ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडच्या आपल्या घरांमधून तर हा प्रश्न हमखास येतो, कारण मूल हॉकी खेळतं पण आईवडिलांनी जन्मात कधी स्केट घातलेला नसतो. प्रश्न साधारण असा: "अजून घट्ट बांधू का?"

बहुतेक वेळा, नको. घोट्याला जो आधार मिळावा म्हणून आपण लेस ओढतो, तो आधार लेस देतच नाही. तो हॉकी स्केटचा टणक बूट देतो. लेसची कामं दोनच. टाच मागच्या खोबणीत बसवून ठेवायची आणि बूट पावलावर मिटवायचा. एवढ्यासाठी पिळून ताकद लागत नाही. जिवाच्या आकांताने ओढल्याशिवाय पाय आत स्थिर राहतच नसेल, तर चूक बुटाच्या मापात आहे आणि ती लेसने भरून निघणार नाही.

दुखतं नेमकं कुठे?

नुसतं "पाय दुखतो" म्हटल्यावर काहीच करता येत नाही. बूट काढा, मोजा काढा आणि दुखतं तिथे बोट ठेवा. लहान मूल असेल तर त्यालाच ठेवायला सांगा.

बोट घोट्याच्या पुढे, पाऊल जिथे नडगीला मिळतं आणि वाकतं तिथे गेलं, तर हा हॉकीवाल्यांचा जुना शत्रू, लेस बाइट. नडगीच्या पुढच्या स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि अंगठा वर उचलणारी कंडरा अगदी इथूनच खाली उतरतात. त्यांच्यावर मांस जवळजवळ नसतं, कातडीखाली लगेच त्या. स्केटिंग करताना गुडघा प्रत्येक ढांगेला पुढे वाकतो, कंडरा पुढेमागे सरकतात आणि वरून लेस व बुटाची जीभ त्यांना दाबत राहतात. आधी नुसता लाल वळ उठतो. मग सूज येते, पायाची बोटं वर उचलली की कळ येते, आणि इतकं होऊनही कोणी तसंच खेळत राहिलं तर चालतानासुद्धा दुखतं. घरी चप्पल घालून जिना उतरताना कळ आली, तर प्रकरण नुसत्या वळाच्या पुढे गेलंय असं समजा.

बोट त्याच्या थोडं खाली, पावलाच्या उंचवट्यावर गेलं आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्या मधल्या बेचक्यात बधिरपणा किंवा मुंग्या असतील, तर दाबली जातेय ती नस. त्या बेचक्याच्या कातडीला संवेदना पुरवणारी नस पावलाच्या वरून जाते. तिच्याबरोबर रोहिणी, म्हणजे रक्तवाहिनीही जाते. पावलावर बोट ठेवलं तर तिचा ठोका हाताला लागतो. त्यामुळे बधिरपणाबरोबर बोटं गार आणि पांढुरकी पडत असतील तर आश्चर्य नको. रिंकच्या थंडीला दोष देण्याआधी लेस सोडून बघा.

तळव्याचं दुखणं वेगळं. कमानीत गोळा येतो तेव्हा नव्वद टक्के लोक "सपाट पाय असेल" म्हणून इनसोल आणायला धावतात. कधी कधी इनसोलचा खरंच उपयोग होतो. पण आधी एक फुकटची तपासणी करा: पुढची तीन-चार भोकं, म्हणजे चवड्यावरची लेस, अगदी ढिली सोडा आणि पाच मिनिटं फिरून या. गोळा गेला तर दोष तिथल्या घट्टपणाचा. नाही गेला, तर बहुधा बूट सैल आहे आणि आतला पाय घसरू नये म्हणून बोटं सतत आकसून तळ पकडतायत. ओल्या फरशीवर आपण स्लिपर पकडून चालतो ना, अगदी तसं. तासभर असं केल्यावर तळव्याचे छोटे स्नायू गळाठणारच. नव्याने शिकणाऱ्यांना पहिले काही आठवडे बूट नीट असूनही थोडं असं होतं, कारण हे स्नायू इतर वेळी कामच करत नाहीत. तेवढं आपोआप जातं.

करंगळीची बाजू, घोट्याची बाहेर आलेली हाडं किंवा टाचेची मागची बाजू दुखत असेल, तर लेसचा नाद सोडा. पहिल्या दोन ठिकाणी बूट अरुंद आहे. टाचेमागे घासून टेंगूळ येणं म्हणजे टाच आत वरखाली होतेय. गंमत अशी की टाच उचलली जाणारा माणूसच सगळ्यात जास्त लेस आवळतो, त्यामुळे मागे टेंगूळ आणि पुढे लेस बाइट ही जोडी एकाच पायात सापडते.

लेसला हात लावण्याआधी बूट तपासा

वाढत्या अंगाचं घ्यायचं ही आपली सवय गणवेशाला ठीक, हॉकी स्केटला नाही. स्केट महाग असतात, पोराचा पाय सहा महिन्यांत वाढतो, हे सगळं मान्य. पण दोन नंबर मोठा बूट घेतला की टाच खोबणीत बसत नाही, बाप मग लेस आवळतो आणि पोरगं रडतं. अर्ध्या नंबरापेक्षा जास्त जागा ठेवू नका. पैसे वाचवायचे असतील तर योग्य मापाचे वापरलेले स्केट घ्या. कॅनडात त्यांचा बाजार मोठा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त घेताना दोन गोष्टी बघा. घोट्यापाशी बूट हाताने सहज मुडपतोय का, आणि जीभ दबून पापुद्र्यासारखी झालीय का. पहिली गोष्ट आढळली तर तो बूट घेऊ नका. दुसरी आढळली तर जीभ बदलायच्या खर्चाचा हिशोब करून भाव करा.

लांबी अशी बघतात: लेस पूर्ण सोडून पाय आत घाला, बोटं पुढच्या टोकाला टेकवा आणि टाचेमागे बोट घालून पाहा. एक बोट मावलं तर ठीक, दोन मावली तर बूट मोठा. मग टाच मागे ठोकून लेस बांधा आणि गुडघे वाकवून उभं राहा. आता बोटं टोकाला जेमतेम शिवावीत, चेपली जाऊ नयेत. मोठ्या माणसांचा हॉकी स्केट साधारणपणे रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान निघतो. हे माहीत नसल्यामुळे नऊ नंबरचा बूट घालणारा माणूस नऊ नंबरचाच स्केट घेतो आणि पुढे वर्षभर लेसशी भांडतो.

लांबी सगळेच बघतात. खोली मात्र फारसं कोणी बघत नाही, आणि वरच्या बाजूच्या दुखण्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. पाय आत, टाच मागे, लेस सुटलेली, जीभ पुढे ओढलेली. आता वरून तिसऱ्या भोकाच्या जोडीवर एक पेन्सिल आडवी ठेवा. ती दोन्ही बाजूंच्या कडांवर टेकली आणि खाली पायाला लागली नाही, तर बूट पुरेसा खोल आहे. ती पायावरच डुलत असेल, तर तुमचं पाऊल बुटाच्या बाहेर डोकावतंय. अशा बुटात लेस कितीही हलकी बांधली तरी तिचा सगळा भार थेट कंडरेवर येतो. त्यावर पॅड, जेल, नवी लेस यातलं काहीही टिकाऊ उत्तर नाही. जास्त खोल घडणीचा बूट लागतो. बॉअर कंपनीच्या स्केट्सवर फिट १, फिट २, फिट ३ असं लिहिलेलं असतं. १ सगळ्यात उथळ आणि अरुंद, ३ सगळ्यात खोल आणि रुंद. सीसीएम या दुसऱ्या कंपनीत हेच टेपर्ड, रेग्युलर आणि वाइड या नावांनी येतं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी मंडळींचा चवडा रुंद आहे, आणि दुकानात सवलतीत पडलेली जोडी नेमकी अरुंद असते. सवलत बघून पाय कापून घेऊ नका.

पॉल कॉफीबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये १९८५-८६ च्या हंगामात ४८ गोल करून बचावपटूंचा विक्रम करणारा हा खेळाडू आपल्या मापापेक्षा बरेच लहान स्केट घालायचा. त्याच्या आधीचा नावाजलेला बचावपटू बॉबी ऑर तर मोजेही घालत नसे. यातलं काहीही घरी करून बघायचं नाही. पण पाय जखडून ठेवायचं काम या मंडळींनी बुटावर सोपवलं होतं, एवढं त्यातून नक्की घेण्यासारखं आहे.

बांधायची पद्धत

स्केटची लेस खालपासून वरपर्यंत एकाच ताणाने पोत्याचं तोंड आवळल्यासारखी ओढायची नसते. बूट तीन भागांत बघा: चवडा, मधला उंचवटा आणि घोट्याच्या वरचा भाग.

आधी वरची निम्मी लेस पूर्ण ढिली करा. अर्धवट ढिल्या बुटात पाय कोंबला तर जीभ आत दुमडते, आणि मग दिवसभर एकाच ठिकाणी टोचतं. पाय घाला, जीभ नडगीच्या बरोबर मध्ये आणा, पाऊल थोडं पुढे करा आणि पात्याची मागची बाजू रबरी फरशीवर दोन-तीनदा ठोका, म्हणजे टाच खोबणीत जाते. ही ठोकाठोक दिखाऊ वाटते, पण तीच राहिली तर पुढचं सगळं वाया.

चवड्यावरच्या तीन भोकांना फक्त ढिलाई काढण्यापुरता ताण द्या. आत बोटं हलली पाहिजेत. मधल्या भागात ताण वाढवा. टाच मागे धरून ठेवणारा भाग हाच. इथे बूट पावलाला सगळीकडून भिडला की थांबायचं, त्यापुढे ओढून काही मिळत नाही. आता घोट्याच्या वाकापाशी दोन्ही लेस एकमेकींभोवती एकदाऐवजी दोनदा गुंडाळा. या दुहेरी पिळाने खालचा ताण खाली आणि वरचा वर राहतो. हे केलं नाही तर वरची दोन भोकं ओढताना खालची लेसही आवळली जाते, आणि आपण चवडा ढिला ठेवला होता हे विसरून "पाय का दुखतोय" म्हणत बसतो. वरच्या भागात ताण पुन्हा कमी करा. टाचेच्या वरचं उभं संरक्षक पान आणि पाय यांच्यामध्ये एखाद-दोन बोटं शिरायला हवीत.

लेस बाइटचा त्रास असेल तर यात एक बदल. दुखऱ्या जागेच्या नेमकी वर लेसची फुली पडू द्यायची नाही. फुलीच्या खालच्या भोकातून लेस आपापल्या बाजूने सरळ वर न्यायची आणि पुढच्या भोकापासून पुन्हा फुल्या सुरू करायच्या. मधे खिडकीसारखी मोकळी चौकट राहते आणि दाब आजूबाजूला वाटला जातो. बूट मापाचा असेल तर एवढ्यानेही टाच हलत नाही. सगळ्यात वरचं भोक रिकामं सोडणं हाही चांगला उपाय. त्याने घोटा पुढे जास्त मोकळा वाकतो आणि जीभ वाकाशी कमी रुतते. भरपूर चांगले खेळाडू वरचं भोक कायमचं रिकामं ठेवतात, त्यामुळे मुलाला कोणी टोकलं तर खुशाल दुर्लक्ष करा.

लेस उरली म्हणून ती घोट्याभोवती गुंडाळणं आजपासून बंद. हे वेटोळं लवचिक नसतं, ते नेमकं वाकाच्या रेषेवर बसतं आणि गुडघा वाकवला की कंडरेत शिरतं. मी कोणाचा बूट बघायला घेतला की आधी हे वेटोळं शोधतो. उरत असेल तर आखूड लेस आणा. दुकानात ९६, १०८, १२० इंच अशा मापांत मिळतात, किंमतही फार नसते. मेण लावलेली लेस ताण धरून ठेवते, सरकत नाही, म्हणून तीन भागांत वेगवेगळा ताण ठेवायला ती सोयीची. मात्र लेस ओढायचा हुक वापरत असाल तर जपून. हुकाने मनगटाला श्रम होत नाहीत, त्यामुळे किती ओढलं त्याचा अंदाजही येत नाही.

बांधून झालं की उभे राहा आणि गुडघे वाका. गुडघा बुटाच्या टोकाच्या पुढे सहज जातोय, टाच उचलत नाही, बोटं हलतायत, तर झालं. पाच-दहा मिनिटं स्केटिंग केल्यावर बूट कोमट होतो, जीभ बसते. तेव्हा एकदा लेस नव्याने बांधून घ्या. ही गोष्ट वॉर्म-अपचाच भाग धरा.

मुलांच्या बाबतीत एक अडचण वेगळी आहे. यू७, यू९ गटातल्या, म्हणजे सात आणि नऊ वर्षांखालच्या मुलांचे स्केट आईबाबाच बांधतात, तेही मोठ्या माणसाच्या ताकदीने आणि घाईत. "घट्ट झालं का रे?" विचारलं की पोरगं "नाही" म्हणतं, कारण त्याला लवकर बर्फावर जायचंय. त्यापेक्षा "बोटं हलव बघू" असं सांगा आणि तो हलवतोय का ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखा.

जीभ, मोजे, नडगीचं पॅड

जिभेचं काम लेसचा दाब पसरवणं. नव्या महागड्या स्केटची जीभ ताठ असते, ती मऊ व्हायला वेळ लागतो. सरावाला जाण्याआधी घरी पात्यांवर कव्हर चढवून अर्धा-एक तास नुसतं बसलात तरी फरक पडतो. जुन्या स्केटमध्ये उलट होतं. फेल्ट चेपून दोरीचे वळ जिभेवर कायमचे उमटलेले असतात. असे वळ दिसले की जीभ बदला. बऱ्याच स्केट्सची जीभ वेगळी बदलता येते आणि प्रो-शॉपवाले (रिंकवरचे हॉकी सामानाचे दुकानदार) ते काम करून देतात.

जेल पॅडबद्दल लोकांचा फार गोड समज असतो. खोल बुटात ते छान काम करतं. उथळ बुटात मात्र ते आधीच अपुरी असलेली जागा खातं आणि दाब वाढवतं, म्हणजे पैसे देऊन दुखणं आणलं. जागा थोडीच असेल तर पातळ फोमचा तुकडा घ्या आणि दुखऱ्या जागेएवढं भोक मधोमध कापून तो तिच्याभोवती लावा. दाब कडेला जातो, दुखरी जागा मोकळी राहते.

थंडी वाजेल म्हणून दोन जाड मोजे घालणं सोडा. आत दाटी झाली की रक्त कमी पोचतं आणि पाय आणखी गार पडतात. एकच पातळ, घाम शोषणारा, सुरकुती न पडणारा मोजा पुरे.

आणि नडगीचं पॅड. ते लांबीला जास्त असेल तर त्याची खालची कड जिभेवर टेकते आणि गुडघा वाकला की जीभ वाकात रेटते. अशा वेळी लेस सोडूनही दुखणं थांबत नाही, आणि माणूस चक्रावतो. पॅड घालून, गुडघा वाकवून एकदा आरशात बघा.

बूट भाजून घेणं

आजचे बहुतेक मधल्या आणि वरच्या दर्जाचे हॉकी स्केट उष्णतेने पायाच्या आकारात बसवता येतात. दुकानातल्या खास भट्टीत साधारण ८० अंश सेल्सियसला काही मिनिटं ठेवतात आणि गरम असतानाच पाय घालून लेस बांधतात. त्या वेळी लेस वर खेचू नका, बाजूला ओढा, नाहीतर मऊ झालेल्या बुटातून भोकांच्या कड्या उपटून येतात. पाय ठेवून बसून राहायचं, चालायचं नाही. नंतर २४ तास बर्फावर नको. एखादंच हाड टोचत असेल तर तेवढीच जागा गरम करून बाहेर ठोकून देतात, ते जास्त स्वस्त आणि बरेचदा पुरेसं असतं. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका. कुठला बूट किती उष्णता सोसतो ते प्रत्येक मॉडेलगणिक बदलतं.

चाकांच्या स्केट्सवरची इनलाइन हॉकी खेळणाऱ्यांना, म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या मुलांनाही, हे जवळजवळ सगळं लागू आहे. फरक उन्हाचा. उकाड्यात पाय सुजतो, त्यामुळे सकाळी बेताची वाटलेली लेस दुपारी आवळते. मधल्या विश्रांतीत ती पूर्ण सोडून पुन्हा बांधावी.

दुखायला लागलंच असेल तर

लेस बाइट झालेल्या कंडरेला विश्रांती लागते, दुसरा मार्ग नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. वर दाब पडणारे बूट आणि घट्ट पट्ट्यांच्या चपला काही दिवस टाळायच्या. चोळायचं नाही. गरम तेलाने रगडून उतरेल अशी ही गोष्ट नव्हे, रगडल्याने उलट सूज वाढते.

पाऊल हलवताना कंडरेवर बोट ठेवलं तर करकर जाणवते, सूज जात नाही, बूट काढल्यावरही बधिरपणा राहतो किंवा पाऊल वर उचलायला ताकदच येत नाही, असं काही असेल तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. ओंटारिओत फिजिओकडे जायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. विमा कंपनी पैसे देताना ती मागू शकते, तेवढं आधी विचारून घ्या. आठ ते चौदा वयाच्या मुलाची टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल तर तो टाचेच्या वाढीच्या भागाचा त्रास असू शकतो. त्याचा लेसशी संबंध नाही, पण स्केट्सच्या नावावर तो खपून जातो. मधुमेह असलेल्या मोठ्यांनी तर दुखण्याची वाट बघूच नये. पायाची संवेदना कमी झाली असेल तर घट्ट लेस कळणारच नाही. दर वेळी बूट काढल्यावर पाऊल उजेडात बघायचं, वळ, फोड, पांढरा डाग काहीही दिसलं तर थांबायचं.

पुन्हा कधी खेळायचं? समोरच्याने पावलावर हात दाबून धरला आणि त्या जोराविरुद्ध अंगठा व पाऊल न दुखता वर उचलता आलं, की बर्फावर जायला हरकत नाही. पहिल्या दिवशी खिडकी सोडून बांधा, वरचं भोक रिकामं ठेवा आणि वीस मिनिटांत बाहेर या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागेवर सूज नसेल तरच वेळ वाढवा.